बावीस खुंट्या

"आईंना दुखलंसुद्धा नाही, बाबा. उगीच एवढं काय?"

जावयाचं हे वाक्य ऐकून मास्तरांनी हातातली कानस बाकावर आपटली. तंत्रशाळेत तीस वर्षं फिटरकाम शिकवताना त्यांनी हत्यार कधी आपटलं नव्हतं.

"दुखणार कसं? डावं अंग गेलंय तिचं. चार इंच कातडी सोलली, बाही रक्तानं भिजली, तरी घरी येईपर्यंत बाईसाहेब मला रस्ता सांगत होत्या. तिला कळत नाही, म्हणून चालतं का?"

मास्तरीणबाईंना आठवड्यातून तीनदा व्यायामोपचाराला न्यावं लागे, म्हणून जुन्या व्हॅनला आतून नवं अस्तर लावायचं काम सासऱ्या-जावयाने काढलं होतं. दाराच्या फळ्या धरून ठेवणाऱ्या मूळच्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांचा काढतानाच भुगा झाला आणि तसल्या आता बाजारात मिळेनात. जावयाने समोरूनच स्क्रू मारले. पेचकस निसटून एकाच्या डोक्यावर धातूचं कुसळ उठलं, ते नेमकं बाईंच्या कोपराशी.

"तूर्तास चालेल, असं तुम्हीच म्हणालात," जावई पुटपुटला.

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. असलं काम करणाऱ्या पोरांना त्यांनी दिवसदिवस वर्गाबाहेर उभं केलं होतं.

"घरी जा, जावईबापू. तुम्हाला बोलायला मला तोंड राहिलेलं नाही, आणि बोलल्याशिवाय राहवणार नाही."

त्यांनी सगळे स्क्रू उपटले, भोकं पडलेलं अस्तर फाडून काढलं. नायलॉनची कांडी ड्रिलमध्ये फिरवत कानशीने तिचं टोक निमुळतं केलं, मागे चपटं डोकं राखलं आणि टोकाला करवतीने उभी फट पाडली. भोकात शिरताना खुंटी मिटावी, पलीकडे जाताच फुलावी. डोकं फळीच्या पाठीवरच्या खाचेत अडकावं, समोरून काही दिसू नये. पहिल्या सात त्यांनी फेकून दिल्या. रागाच्या भरात फट वाकडी जात होती.

"अहो, तुम्ही गाडीवर रुसलात की माझ्यावर?" अंगणातल्या खुर्चीतून बाईंनी विचारलं. "तिसरा चहा गार झाला."

"स्वतःवर."

"मग ठीक. मला वाटलं, माझाच नंबर लागला."

तिसऱ्या दिवशी बावीस खुंट्या पुऱ्या झाल्या. नवं अस्तर चढवलेल्या फळ्या त्यांनी तळहाताने थापटून बसवल्या, मग सदऱ्याची बाही वर सारून स्वतःचा उघडा हात दारावर, वरपासून खालपर्यंत, इंच न इंच घासत नेला. दोनदा.

बाईंना उचलून सीटवर बसवलं. "उजव्या हाताने चाचपून बघ," ते म्हणाले. "टोचलं तर सांग."

"उजव्याचं काय कौतुक? त्याला ओरडता येतं."

बाईंनी उजव्या हाताने डावा हात उचलला, त्याची बाही जखमेवरच्या पट्टीच्या वर सारली आणि तो उघडा हात दाराला टेकवून ठेवला.

"घ्या गाडी. उशीर होतोय."

अख्खी गल्ली मास्तरांनी पहिल्या गियरमध्येच ओलांडली.