वेलीचं सुतक

कात्रीचं एक पातं दुसऱ्यापेक्षा आखूड आहे — बावीस वर्षं दुसऱ्यांच्या द्राक्षबागा छाटून आईने ते झिजवलेलं — आणि त्या पात्याखाली, उडू नयेत म्हणून दाबून ठेवलेल्या प्रुफांच्या समासात, हिरव्या शाईत: 'द्राक्षवेली थंडीत पानं गाळतात. हा विध्वंस नव्हे, ऋतू आहे. प्रकरण वगळावे.'

ऋतू आहे. मंजुषाने चौथ्यांदा वाचलं. मूर्ख म्हणायचं तर माणसाने निदान गिचमिड अक्षरात तरी म्हणावं...

सकाळीच प्रकाशकांकडच्या कुंदनचा पुण्याहून फोन येऊन गेला होता.

"ताई, बाकी पुस्तक एक नंबर. फक्त ते सातवं प्रकरण काढू. डॉक्टरसाहेब इतिहासाचे प्राध्यापक आहेत, त्यांनी तपासलंय."

"आणि नाही काढलं तर?"

"तर ते शिफारस मागे घेतील. मग पुस्तकाचं अवघड आहे, ताई. पाचपर्यंत कळवा."

आत्ता साडेतीन.

चार वर्षं गेली या पुस्तकात. दहावीनंतर शाळा सुटलेली, पंचवटीत ब्लाउज शिवता शिवता वाचनालयाची कपाटं संपवलेली, दोन कादंबऱ्या लिहून बसलेली बाई जॉर्जियाचा इतिहास शोधत थेट जॉर्जियाला जाऊन येते — अमेरिकेतला नाही हो, काळ्या समुद्राकाठचा, हे अख्ख्या गल्लीला समजावून झालेलं — आणि अकरा दिवसांच्या त्या प्रवासात, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, पूर्वेकडच्या खेड्यात एका बागेसमोर उभी राहते. सतराव्या शतकात इराणी फौजांनी तो मुलूख कसा उजाड केला ते गाडीत वाचत आलेली, आणि समोर ओळीच्या ओळी नुसत्या काळ्या काड्या. एक पान नाही. माहेरी मखमलाबादला फेब्रुवारी म्हणजे घडांनी वाकलेले मांडव, क्रेटची आदळआपट, बायकांची गडबड... छाटणीनंतरचे आठ-दहा दिवस सोडले तर वेलीला पान नाही म्हणजे वेल मेली, दुसरा अर्थ तिला जन्मात कुणी शिकवलाच नव्हता. तिला वाटलं, चारशे वर्षांनी पुन्हा कसला तरी घाला पडलाय या लोकांवर. आणि ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली. घरी येऊन चौदा पानं लिहिली — सातवं प्रकरण, 'मेलेल्या बागा'.

ज्यांची बाग त्या घरची म्हातारी धावत आली होती. पाठीवरून हात फिरवला, पाव दिला, खारट चीज दिलं. भाषा दोघींची एकमेकींना शून्य. तिने ड्रायव्हरला काहीतरी विचारलं, त्याने खांदे उडवले. मग ती हाताला धरून चर्चमध्ये घेऊन गेली आणि एक मेणबत्ती लावली. 'मेलेल्या बागांसाठी तिने दिवा लावला, आणि माझं दुःख तिला कळलं' — हे वाक्य छापायला तयार आहे.

कळलं कसलं... तिला वाटलं असणार, हिचा नवरा गेला. मेणबत्ती त्याच्या नावाची. आणि माझा नवरा तेव्हा ओझरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला, ठणठणीत.

मंजुषाला हसू आवरेना.

"एकटीच काय हसती गं, मंजे?" गोजराबाई भिंत धरत बाहेर आल्या. ऐंशी झाली, कान मात्र शाबूत. मंजुषाने आईला सगळं सांगितलं, मेणबत्तीसकट.

"पानं नाय म्हणून रडली?"

"हो."

"दारचा चाफा दरसाल उघडाबोडका व्हतो, तवा नाय रडली कधी. वेल झोपलीय, आन् ही सुतक धरती." गोजराबाई पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. "आता तो मास्तर काय म्हनतो?"

"सगळं कापा म्हणतो."

गोजराबाईंनी कात्री उचलली. प्रुफं फडफडली. "एक काडी चुकली म्हणून कुणी बुडातनं वेल कापतं व्हय? कोंब फुटायचा डोळा राखायचा, मंग कापायचं. असं बुडातनं कापलं असतं तर मला दुसऱ्या दिवशी कामाला बोलावलं असतं का कुणी?"

त्या आत गेल्या, कात्री घेऊनच.

प्रुफं तळहाताखाली धरून मंजुषा बसून राहिली. तिसऱ्या प्रकरणात तिने एका जुन्या पाद्र्याचा उतारा घेतलाय. त्याने जॉर्जियाच्या डोंगरात पंख असलेले साप पाहिले होते. तिथे त्याच हिरव्या शाईत लिहिलंय, 'इतिहासाचे मौलिक साधन'. म्हणजे पाद्र्याने साप उडवले तर साधन, आणि मखमलाबादच्या छाटणीवालीची पोरगी वेलीसाठी रडली तर वगळावे? माझी चूक माझी आहे. ती करायला त्या बागेपर्यंत मला स्वतः जावं लागलं... डॉक्टरसाहेबांना घरबसल्या नसती करता आली.

तिने पेन घेतलं. हिरव्या ओळीखाली निळ्यात, प्रकरणाची पहिली ओळ म्हणून लिहिलं, 'ऋतूच होता. मला माहीत नव्हता. कसा माहीत नव्हता, ते पुढे वाचा.' चौदापैकी एकही पान खोडलं नाही, मेणबत्तीच्या वाक्याखाली मात्र नवरा ओझरला होता हे घातलं.

फोन वाजू लागला. पाचला चार कमी. कुंदनच असणार. पुस्तक निघेल, किंवा निघणार नाही... पण सकाळपासून छातीत बसलेली ती शरम कुठे गेली, ते तिला सापडेना. त्या खेड्यातली म्हातारी आजही शेजारणींना सांगत असेल — कुठल्या लांबच्या देशाची, साडीवर कोट घातलेली बाई, आमच्या बागेपुढे उभी राहून रडली. काय सांगत असेल, का रडली म्हणून?

फोन वाजत होता. मंजुषाला आत्ता फक्त त्या म्हातारीचं उत्तर ऐकायचं होतं.