लाइट नसताना पाच ओहम

नेकनूरच्या पुढच्या त्या ज्युनिअर कॉलेजात बारावीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. पण म्हणून परीक्षा अडेल तर शपथ. पोरं टेबलापाशी उभी राहिली, मीटरचा काटा जागचा हलत नव्हता, तरी खाली माना घालून लिहीत सुटली. दुपारी फिजिक्सच्या महानंदा मॅडमनी गठ्ठा उघडला तर पेपरामागून पेपर तेच. दोन व्होल्ट, पॉइंट चार अँपिअर. भागून रोध पाच ओहम, गुणून शक्ती पॉइंट आठ वॅट. तिला किळस आली.

आश्चर्य मात्र वाटलं नाही. लॅबवाले त्रिंबकमामा आदल्या दिवशी पोरांच्या कानात उत्तर सांगून ठेवायचे, पोरं उत्तरापासून उलटी येत रीडिंग बनवायची. आधी मोजा आणि मग उत्तर काढा, असं घसा कोरडा करून शिकवणारी महानंदा एकटीच येडी.

एकच पेपर वेगळा होता, वैष्णवीचा. ‘पुरवठा बंद. व्होल्टेज शून्य, प्रवाह शून्य, शक्ती शून्य. रोध काढता येत नाही.’ महानंदाला त्या पोरीचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

बाहेरून आलेले परीक्षक राधाकिशन सर तिथंच, लॅबच्या टेबलावरचा रिओस्टॅट बाजूला सारून, कॉलेजनं मागवलेली गावरान कोंबडी चापत होते. त्यांनी रश्श्याच्या बोटांनी तो पेपर ओढला, वाचला आणि तीसपैकी पाच मार्क टाकले. मार्कांवर तेलाचा डाग पसरला.

“सर, तिनं खरं लिहिलंय. लाइटच नव्हती.”

“मंग बाकीच्यांला कसं काय जमलं?”

“बाकीच्यांनी खोटं लिहिलं. शून्याला शून्यानं भागून काय येतं, तुम्हीच सांगा.”

“ते मला न्हाई सांगता येत,” सर हाड चोखत म्हणाले. “पाच मार्क येतेत, एवढं सांगतो.”

“मग मार्कशीटवर मी सही करणार नाही.”

सरांचं चोखणं थांबलं. “कावून ताणता मॅडम? बोलवा पोरीला. नीट लिवू द्या, तीस देतो.”

महानंदानं वैष्णवीला बोलावलं, पोरगी सरांचं ऐकणार नाही याची खात्री होती म्हणूनच. “तू पाहिलंस तेच लिहिलंस,” महानंदा म्हणाली. “बदलायचं नसेल तर बदलू नको. मी वर भांडते.”

वैष्णवीनं मॅडमकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि पेन घेतलं. शून्यांवर काट मारली. कुणी काही सांगायच्या आत तिनं दोन पॉइंट नऊ व्होल्ट लिहिले, खाली पॉइंट सहा अँपिअर. भागाकार करून रोध चार पॉइंट आठ, गुणाकार करून शक्ती एक पॉइंट सात. हात जराही अडखळला नाही.

“हुशार हाय पोरगी,” सर ढेकर देत म्हणाले.

“सगळ्यांचं बरोब्बर पाच हाय, मॅडम,” वैष्णवी हळूच म्हणाली. “खरं मोजलं तर थोडा फरक पडतो, तुमीच शिकवलतं. म्हणून जरा हलवलं. आता खरं वाटतंय ना?”

महानंदानं पेपर पाहिला. अगदी खरा वाटत होता.