रविवारची तपासणी

तीस वर्षं शाळेत मुलांची नखं तपासली. खोड जात नाही. धाकट्या भावाला माझी एक किडनी दिल्यावर मी दर रविवारी त्याचेही हात तपासू लागले. त्याची रोपवाटिका होती. शरीरानं परकी किडनी नाकारू नये म्हणून गोळ्या घ्यायच्या आणि त्याच गोळ्यांनी प्रतिकारशक्ती मारली जायची. साधा ओरखडाही महागात पडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी जाड हातमोजे आणून दिले.

"हात दाखव."

तो तळहात पुढे करायचा.

"माझा माल आहे तुझ्या पोटात. जपून वापर."

"हो, मालकीणबाई."

माझ्या जिभेला हाड नाही. वहिनी एकदा म्हणाली, "ताई, तुमच्या धाकानं हे शिंकतसुद्धा नाहीत." मला ते कौतुकच वाटलं.

गुलाबाचं कलम बांधताना मोजे घालून बोटांना अंदाज येत नाही, म्हणून तो ते काढून ठेवायचा. एक काटा बोटाला मागच्या बाजूनं लागला. तिथे पुळी आली, मग मनगटावर गाठ. तो पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागला. पाच रविवार मी तळहात पाहिले. स्वच्छ होते.

सहाव्या रविवारी तो तापानं फणफणला. वहिनीनं बाही वर सारली, तर कोपरापर्यंत गाठींची रांग, दोन फुटलेल्या. मातीतली बुरशी, डॉक्टर म्हणाले, आणि ती रक्तात उतरलीय. जीव वाचवायचा तर किडनी सांभाळणाऱ्या गोळ्या कमी करायला हव्यात.

केल्या. तो वाचला. किडनी गेली.

"आधी का नाही बोललास?" मी ओरडले.

"तू दिलेली वस्तू," तो खाली बघत म्हणाला. "कोणत्या तोंडानं सांगणार? वाटलं, जाईल आपोआप."

दुसऱ्या कुणाची चूक असती तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून खूप रडले.

आता आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला नेते. काल नर्स सुया आणायला गेली, तेवढ्यात त्यानं न विचारता दोन्ही हात पुढे केले. आधी तळहात, मग उलटे. मग बाह्याही वर सारल्या.

"राहू दे रे," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. "नीट बघ ना, ताई. आता काही लपवलेलं नाही."