वीस एप्रिल

तळ्याकाठच्या मत्स्यबीज केंद्रात तात्यांना सगळे 'वीस एप्रिल' म्हणत. माशांची पिल्लं तळ्यात सोडायची ही तारीख चाळीस वर्षांपूर्वी त्यांनीच ठरवली होती, आणि ते निवृत्त झाल्यावरही ती कुणी हलवली नव्हती. तात्यांना त्याचा भारी अभिमान, आणि तो ते लपवतही नसत.

ती तारीख मोडायला निघाली त्यांचीच थोरली लेक. केंद्राची प्रमुख आता तीच. तीन वर्षं सोडलेल्यांपैकी निम्मी पिल्लं मरत होती. तिने मेलेल्यांची पोटं उघडून पाहिली, तर रिकामी.

"पाणी लवकर तापतंय, तात्या. शेवाळ आधी येतं, ते खाणारे बारीक जीव आधी वाढतात आणि आधीच संपतात. आपल्या पिल्लांना खायला उरतच नाही. मी दोन एप्रिललाच सोडणार."

वरच्या साहेबांनी तिला बजावलं होतं, पिल्लं दगावली तर खुर्ची गेली म्हणून समज.

"चार बुकं शिकलीस म्हणून तळ्याला अक्कल शिकवू नकोस," तात्या म्हणाले.

एकतीस मार्चला मात्र ते एकटेच होडी घेऊन निघाले. लेकीला खोटं पाडायचं, एवढंच मनात. आपली जुनी बारीक जाळी त्यांनी खोल सोडली, ओढली, बाटलीत रिकामी केली आणि उजेडात धरली. बाटली उड्या मारणाऱ्या ठिपक्यांनी, त्याच बारीक जिवांनी, गच्च भरली होती. एवढे ठिपके पूर्वी वीस एप्रिललाच दिसायचे. त्यांनी आणखी चार ठिकाणी जाळी टाकली. माणूस हट्टी खरा, पण स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवणारा नव्हे.

दोन तारखेला साहेब काठावर हजर. "तात्या, तुम्ही तरी समजवा हिला. तारीख तुमची आहे."

"तारीख त्या जिवांची होती, साहेब. परवा मी जाळी टाकून बाटलीत पाहिलं, ते वीस दिवस अलीकडे सरकलेत. मी कॅलेंडर बघत बसलो, हिनं पाणी बघितलं. पोर माझी आहे. सोडू द्या तिला."

महिन्याभराने लेकीने दहा पिल्लांची पोटं तपासली. दहाही भरलेली होती. पुढच्या वर्षीच्या आदेशात तिने तारीख घातलीच नाही. 'तात्यांप्रमाणे जाळी टाकून, बाटली पाहून दिवस ठरवावा,' एवढंच लिहिलं.

तात्यांनी तो कागद तीनदा वाचला, आणि चौथ्यांदा शेजाऱ्याला बोलावून मोठ्याने वाचून दाखवला.