स्वतःला सीडी म्हणवणारं डोंगल

माणसाचं स्वातंत्र्य त्याच्या संगणकप्रणालीपासून सुरू होतं, असं प्रफुल्लचं मत होतं. करडीत ते कोणी खोडून काढलं नाही, कारण गावात लॅपटॉप त्याचा एकट्याचाच होता. त्यावर विंडोज नाही, लिनक्स होतं : फुकट आणि सगळ्यांच्या मालकीचं.

२०११च्या उन्हाळ्यात एका सकाळी त्याचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ गुलाब, वारले. त्यांचा मुलगा अतुल मस्कतला होता आणि त्याचा पासपोर्ट मालकाकडे. फोनवर तो एवढंच म्हणाला, "बाबाचं तोंड दाखवा मले. मंग न्या."

"व्हिडिओवर दाखवतो," प्रफुल्ल म्हणाला. "यूएसबीचं मानक जगात एकच आहे. कुठंही लावा, चालते."

तालुक्याच्या गावी, मोहाडीला शिकवणाऱ्या रश्मी मॅडमकडून त्याने इंटरनेटचं डोंगल आणलं आणि लॅपटॉपला लावलं. लॅपटॉपने कळवलं : सीडी घातली आहे.

"कायची सीडी?" बायजाबाईंनी विचारलं. त्या नवऱ्याच्या उशाशी बसून माशा हाकलत होत्या.

"मोठीमाय, हे डोंगल आपल्याले चालवाचा प्रोग्राम, ड्रायव्हर, पोटातच घेऊन फिरते. समोर विंडोज दिसलं का तो देते अन् मोडेम होते. लिनक्सले मी सीडीच आहो म्हणून सांगते."

"म्हणजे माणूस पाहून बोलते," शेजारचा घनश्याम म्हणाला. "तलाठ्यावानी. मॅडमचाच लॅपटॉप आणाचा होता ना बे."

"त्यात विंडोज आहे, दादा."

"मंग?"

डोंगलला सीडीचं सोंग सोडायला लावणारा एक छोटा प्रोग्राम होता. तो इंटरनेटवर होता. प्रफुल्ल मोटारसायकलने परत मोहाडीला गेला, कॅफेतून पेनड्राइव्हवर प्रोग्राम घेऊन आला. त्या प्रोग्रामला आणखी एक प्रोग्राम लागत होता. तो पुन्हा गेला. तोवर त्रिशरण-पंचशील झालं, प्रेताभोवतीच्या बर्फाचं पाणी झालं, पांढऱ्या कपड्यातली माणसं सावलीबरोबर सरकत राहिली.

"झालं का?" अतुल फोनवर विचारी.

"होऊन राहिलं," घनश्याम सांगे.

उन्हं कलताना लॅपटॉपने डोंगलला मोडेम म्हणून मान्य केलं. बायजाबाईंनी ओल्या फडक्याने नवऱ्याचं तोंड पुसलं, केस नीट केले आणि बाजूला सरकल्या. प्रफुल्लने लॅपटॉप चेहऱ्यासमोर धरला आणि डोंगलचा लाल दिवा हिरवा व्हायची वाट पाहिली.

डोंगलच्या मोबाइल कंपनीचा टॉवर करडीत नव्हता.