नाडी सोडलेला पिंजरा

मित्रांनो, मला बघून लगेच नाक मुरडू नका. मी एक जुना पिंजरा आहे, भटकी मांजरं पकडायचा. पण मी कुणाचा वैरी नाही. वेल्डरने मला जाळीपासून घडवलं आणि आत एक पत्र्याची पट्टी बसवली. तिच्यावर पाय पडला की माझं दार धाडकन पडतं. ते आतून उघडत नाही. मलाही उघडता येत नाही.

शिवणकाम करणाऱ्या मावशींनी मला घरी आणलं. अंगणातल्या मांजरींना सारखी पिल्लं व्हायची आणि निम्मी गाड्यांखाली जायची. मावशींचा जीव तुटायचा. मांजर पकडायचं, दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करून आणायचं आणि परत अंगणातच सोडायचं, हा त्यांनी मांडलेला उद्योग. ऑपरेशनची खूण म्हणून डॉक्टर कानाचं टोक कापत. लोक मावशींना वेड्यात काढायचे. पण पिल्लं मरायची थांबली आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली.

मावशींना घाई ठाऊक नव्हती. आधी त्या माझं दार नाडीने वर बांधून ठेवत आणि रोज आतच खाणं देत. मांजरांची भीड चेपली, की मगच नाडी सोडून समोर पायरीवर शिवण घेऊन बसत. दार पडलं रे पडलं, की वरून चादर टाकत. अंधारात मांजर शांत होतं.

कान कापलेली ठमी तर ऑपरेशननंतरही माझ्यातच जेवायची आणि तिथेच ताणून द्यायची, महाराणी कुठली! तिला बघून नवी मांजरं धीटपणे आत येत. मला तिचा फार लळा होता.

एका उन्हाळ्यात मावशींची बहीण आजारी पडली. निघताना त्या तळमजल्यावरच्या रंगाच्या दुकानदारांना म्हणाल्या, "काका, खाणं तेवढं ठेवा. नाडीला मात्र हात लावू नका हं."

"अहो, तुम्ही बिनधास्त जा!"

काका मनाने वाईट नव्हते. अंगणातली एक भुरी मांजर गाभण दिसत होती. तिला पकडून ठेवलं तर मावशींचा व्याप वाचेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी नाडी सोडली, मासळी ठेवली आणि ते दुकानात गेले. तिथे मालाची गाडी आली आणि काका मला साफ विसरले.

आत आली ती ठमी. रोजच्यासारखीच, शेपटी उंच करून. दार पडलं. मग ऊन अंगणात आलं, माझी जाळी तापली. ती ओरडत राहिली, नखं मोडेपर्यंत दार खरवडत राहिली. दुपार टळायच्या आत ठमी गेली.

दुसऱ्या दिवशी मावशी परतल्या, तेव्हा काकांना आठवण झाली.

"मी मदतच करायला गेलो हो," काका रडवेले झाले.

"हिचा कान नाही दिसला तुम्हाला?"

"मी बघायलाच आलो नाही."

मावशींनी ठमीला त्या चादरीत गुंडाळलं.

आता मावशी पुन्हा नाडी बांधतात, आत खाणं ठेवतात. एकही मांजर पाऊल टाकत नाही. भुरी व्यायली. तिची दोन पिल्लं परवाच गाडीखाली गेली.

मित्रांनो, मुक्या जिवांना मदत जरूर करा. पण पिंजरा लावलात, तर समोर बसून राहा. आत अडकलेल्याला तेव्हा तुमच्याशिवाय कुणीही नसतं.