दोघांचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. खुर्ची नव्हे, स्टूल नव्हे. दोघांनी बसायचा बाक. हे आधीच ठणकावून सांगतो, कारण मला मधोमध कापून खुर्ची करायला माणसं निघाली होती, आणि तो राग अजून माझ्या लाकडातून गेलेला नाही.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आमच्या कॉनमारात झाडं नावालाच. वारा आणि दगड मात्र हवे तेवढे. माझं लाकूड समुद्राने दिलं. फुटलेल्या जहाजाची फळी वादळानंतर किनाऱ्याला लागली, ती आमच्या गावच्या गायिकेच्या, बार्ब्राच्या वडिलांनी खांद्यावरून वाहून आणली आणि मला घडवलं. पुढे मी टर्लकच्या पबात, शेकोटीशेजारी आलो.

रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली की गाव तिथे जमायचं. बार्ब्रा माझ्या डाव्या टोकाला बसायची, भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून. वाद्य नाही, ठेका नाही, नुसता गळा. बुडालेल्या होड्यांची, परदेशी गेलेल्या लेकरांची लांबलचक गाणी. उजव्या टोकाला फेस्टी, मोठ्या नांग्यांच्या शेवंडी धरणारा कोळी. गाणं सुरू झालं की तो तिचा हात हातात घ्यायचा आणि हळूहळू फिरवायचा, जात्याचा खुंटा फिरवावा तसा. आमच्याकडे गाणाऱ्याला एकटं सोडत नाहीत. दुःखाची ओळ आली की फेस्टीचा हात मंद व्हायचा आणि बार्ब्राला पुढचा श्वास तिथून मिळायचा. मला हे कळायचं, कारण दोघांचं वजन माझ्यावर असायचं.

आणखी एक रीत. गाणं संपलं की गाणाराच पुढच्याचं नाव पुकारतो. पुकारलेल्याने नाही म्हणायचं नसतं.

एका रविवारी बार्ब्राने पुकारलं, "लासरीना, आता तू गं."

लासरीना पबाच्या स्वयंपाकघरात राबायची. बार्ब्राजवळ बसून ती सगळी गाणी शिकली होती, पण चारचौघांत तोंड उघडायला घाबरायची. ती आतूनच ओरडली, "मावशी, रस्सा करपेल! पुढच्या रविवारी नक्की!"

"बरं बाई, आज रस्सा जिंकला," बार्ब्रा हसून म्हणाली.

तो पुढचा रविवार बार्ब्राने पाहिलाच नाही.

गाव रडलं. मग सुरू झाला वारसा जपण्याचा कारभार! टर्लकने माझ्याभोवती दोरी बांधली. 'बसू नये' अशी पाटी लावली. बार्ब्राचा चेहरा कपांवर आला, टॉवेलांवर आला. तिचं रेकॉर्डिंग दिवसभर वाजू लागलं, अगदी संडासातसुद्धा. त्या आवाजापुढे आपला आवाज कोण काढणार? गाव गप्प झालं. पाहुणे येत, माझे फोटो काढत, कप घेऊन जात. मित्रांनो, याला का जपणं म्हणतात?

शेवटी काचेचं कपाट आलं. मी काही त्यात मावेना.

तेव्हा बार्ब्राचं टोक तेवढं कापून घ्यायला सुतार कोलमन करवत घेऊन आला. करवतीचे दात माझ्यात रुतले, तेवढ्यात फेस्टी दोरी ओलांडून आला आणि आपल्या टोकाला बसला.

"ऊठ रे बाबा, पाय कापला जाईल तुझा," कोलमन म्हणाला.

"काप. बोटं शेवंडींनी आधीच खाल्लीत."

टर्लक धावत आला. "तमाशा नको, फेस्टी. बार्ब्रा त्या टोकाला बसायची. लोक तिची जागा बघायला येतात. तुझं बूड टेकायची जागा कोण बघणार?"

"मग तिचा हात कोण धरत होतं? वारा?"

"ती गेली रे," टर्लकचा आवाज खाली आला. "आता कुणाचा हात धरणार आहेस?"

फेस्टीचं वजन माझ्यावर एकदम जड झालं.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. लासरीना बाहेर आली, ओल्या हातांनीच.

"ते रेकॉर्डिंग बंद करा आधी," ती म्हणाली. "मला पुकारलेलं आहे."

ती डाव्या टोकाला बसली, भिंतीकडे तोंड करून. फेस्टीने तिचा ओला हात धरला. ती गाऊ लागली. मध्येच ओळ विसरली. पण फेस्टीचा हात थांबला नाही, फिरतच राहिला.

"घे, पोरी, घे!" कोलमन ओरडला.

ओळ परत आली. तो आवाज बार्ब्राचा नव्हता. लासरीनाचा होता, आणि किती दिवसांनी त्या घरात जिवंत माणूस गात होतं!

गाणं संपलं. तिने डोळे उघडले आणि पुकारलं, "टर्लक, आता तू."

"मी? अगं, गाढव बरं ओरडतं माझ्यापेक्षा!"

"पुकारलंय," कोलमन करवत पिशवीत घालत म्हणाला. "बस गुमान."

टर्लक बसला. फेस्टीने त्याचाही हात धरला. गाणं वाईट झालं, फारच वाईट. पण भिंतीकडे तोंड करून तो रडत होता, हे मला त्याच्या बसण्यावरून कळलं.

काचेच्या कपाटात आता ओले कोट टांगतात. कप मात्र अजून विकले जातात आणि ते पाहून माझं डोकं अजून फिरतं. माझ्या मधोमध करवतीची खाच आहे. ती मी कुणाला बुजवू देत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात गाणारं कुणी होऊन गेलं असेल. त्याच्या जागेला दोरी बांधू नका. तिथे बसा, चुकत चुकत गा, शेजारच्याचा हात धरा. आणि तुमचं नाव पुकारलं गेलं, तर रस्सा खुशाल करपू द्या.